मीटरवाल्या तात्यांची फेरी

आमच्या शेजारचे सावळाराम तात्या एकतीस वर्षं इंदापुरात घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरले. चार वर्षांमागे ते निवृत्त झाले, पाय मात्र अजून नोकरीवरच आहेत. रोज सकाळी दुधाच्या निमित्तानं जुनी पेठ फिरून येतात आणि कुणाच्या मीटरवर जळमट दिसलं, कुणाची वायर लोंबली, ते मला सांगतात. मी ऐकून घेतो. भिंतीला भिंत लागून घर आहे, न ऐकून जातो कुठं?

यंदा होळीच्या सुमारास बारामतीची वैदेही नावाची मुलगी दर रविवारी इंदापुरात यायला लागली. जुन्या इमारतींचा अभ्यास केलेली, कमरेला छोटा स्पीकर, डोक्यावर निळी टोपी. वीस-पंचवीस माणसं मागं घेऊन ती जुनं गाव दाखवते. वेशीपासून निघायचं, मग पेठ, देऊळ, दर्गा, शेवटी गढी. ही तुळई बघा, तो कोनाडा बघा. पुण्याची माणसं माना वर करून बघतात आणि शेवटी टाळ्या वाजवतात.

त्या टाळ्या तात्यांच्या कानात जाऊन बसल्या. त्याच बोळांतून आपण एकतीस वर्षं फिरलो, आपल्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही आणि ही काल आलेली पोरगी टाळ्या घेऊन जाते, असं त्यांचं रोजचं सुरू झालं. दोन रविवार ते दुधाची किटली घेऊन त्या घोळक्याच्या मागं वीस पावलांवर चालले. तिनं काही चुकीचं सांगितलं की तिथंच पकडायचं, हा बेत. ती चुकली नाही. दूध तेवढं दोन्ही वेळा नासलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण तिसऱ्या रविवारी कौसल्यावहिनी, म्हणजे तात्यांच्या घरच्याच, माझ्या बायकोला, बनाबाईला घेऊन त्या फेरीला गेल्या. परत आल्या त्या तोंडभर कौतुक करत. तात्या ओट्यावर बसले होते, मी दाढी करत होतो, त्यामुळं पुढचं मला नीट ऐकू आलं.

"आपल्या गावात येवढं हाय, मला म्हाईतच न्हवतं," वहिनी म्हणाल्या. "तुमी जलमभर हितंच फिरला की वो. कधी एक गोष्ट सांगितली न्हाय."

तात्या उठून आत गेले. दुपारी जेवलेही अर्धंच. संध्याकाळी मला येऊन म्हणाले की येत्या रविवारी आपली फेरी निघणार, तासभर आधी, आणि ती पोरगी नुसते दरवाजे दाखवते, आपण आतलं दाखवणार. बायकोनं एकदा आपल्या मागं चालावं आणि त्या पोरीकडं बघतात तसं आपल्याकडं बघावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. मला ते कळत होतं. म्हणून मी आठवडाभर त्यांना 'गाईडसाहेब' म्हणून हाक मारली.

रविवारी पाऊण तास वाट बघून माणसं जमली पाच. वहिनी, बनाबाई, मी, लासुर्ण्याहून लेकीकडं आलेली छकुलीमावशी, आणि ट्रॅक्टरचं दुकान उघडायची वाट बघत बसलेले बावड्याचे विजयसिंह. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात नोकरीतली तीन सेलांची बॅटरी घेतली होती. भर सकाळी बॅटरी कशाला, असं मी विचारलं. जिन्याखाली अंधार असतो, असं त्यांनी मला कारकुनी आवाजात समजावलं.

इथंच त्यांचा हिशेब चुकला. पेठेतल्या ज्या बोळातून ते आम्हाला नेणार होते, तिथल्या निम्म्या घरांवर पूर्वीपासून आकडे आहेत, म्हणजे तारेवर वायर अडकवून फुकटची वीज. मीटरवाला बोळात शिरला की पहिल्या घरानं ताट बडवायचं आणि पुढच्यांनी आकडे काढून दारं लावायची, ही तिथली जुनी रीत. तात्यांना वाटलं, आता आपण निवृत्त आहोत, लोक विसरले असतील.

आम्ही बोळात पाय टाकला आणि ताट वाजलं.

छकुलीमावशीला वाटलं, आमचं स्वागत चाललंय. तिनं मोबाईल काढला. तेवढ्यात एका माडीवरचा पंखा थांबला, पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी काठीनं वायर ओढली, आणि धडाधड कड्या लागल्या. तात्यांनी सात दारं वाजवली. एकातूनही 'कोण हाय' आलं नाही. विजयसिंह म्हणाले, "गाव चांगलं हाय, पर माणसं उठल्याली दिसत न्हाईत." मी हसलो. बनाबाईनं मला कोपर मारलं. वहिनी मान खाली घालून चालत होत्या, आणि तात्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

सातव्या दारापाशी आम्ही उभे, तोच समोरून निळी टोपी आली. मागं तीसेक माणसं. तात्या वळून निघणारच होते, पण बोळ अरुंद, मागं आम्ही पाचजण, जाणार कुठून?

वैदेहीनं नमस्कार केला. म्हणाली, "काका, या बोळात एका घराच्या आत जुना आड आहे असं ऐकलंय. इथं यायला लागल्यापासून शोधतेय. तुम्हाला माहीत आहे का?"

तात्या भिंतीकडं बघत राहिले. त्यांना माहीत होतं. मला दिसत होतं की माहीत आहे. ओठ घट्ट मिटलेले, जणू चावी गिळलीय.

"मला न्हाय ठाव," ते म्हणाले.

वहिनींनी मान वर केली. "बघा. ह्यांना कुठलं ठाव असायला," त्या हळूच म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं.

तात्या त्याच सातव्या दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाले, "गेणू, आकडा ऱ्हाऊ दे. मी रिटायर झालोय. मीटर न्हाय, आड बघायचाय."

आत बराच वेळ कुजबुज. मग कडी निघाली. गेणू उघडाच होता, हातात वायरीचं भेंडोळं. वैदेहीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शहाणी पोर.

जिन्याखालच्या अंधारात मीटर होता आणि मीटरच्या बरोबर खाली, घडीव दगडांनी बांधलेला आड. तात्यांनी बॅटरी लावली. चौथ्या थरापासून उतरायच्या खोबण्या कशा सुरू होतात, कुठल्या दगडावर हत्ती कोरलाय, मे महिन्यात पाणी कुठवर उतरतं, सगळं ते सांगत गेले, मीटरचे आकडे वाचावेत त्या एकसुरी आवाजात. माणसं पाच-पाच करून आत येत होती. वैदेही वहीत लिहून घेत होती. शेवटी टाळ्या वाजल्या. तात्यांनी टाळ्यांकडं पाहिलंच नाही, वहिनींकडं पाहिलं. वहिनी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या आडात वाकून बघत होत्या.

"तुमी हितं दर म्हैन्याला यायचा?"

"व्हय."

"आन घरी येऊन काय सांगायचा?"

तात्यांनी आठवून पाहिलं. "गेणूचा मीटर बंद पडलाय."

वहिनी इतक्या हसल्या की गेणूच्या म्हाताऱ्या आईनं आतून डोकं काढलं.

परत येताना त्या बनाबाईबरोबर चालल्या नाहीत, तात्यांबरोबर चालल्या. प्रत्येक दारापाशी थांबून विचारायच्या, ह्या घरात काय हाय? आणि तात्या सांगायचे. पाच मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. दूध राहिलंच.

आमच्या दारात उभी राहून बनाबाई त्या दोघांकडं बघत होती. बघता बघता माझ्याकडं वळली. म्हणाली, "तुमी वो? तीस वर्सांत मला काय दावलं?"

तहसील कचेरीसमोरचं माझं झेरॉक्सचं दुकान बघायला येतेस का, असं मी विचारलं. एरवी ती माझ्या असल्या बोलण्यावर हसते. आज हसली नाही. मी घरात गेलो आणि दार जरा जोरातच लावलं.