बक्षीस हातात द्यावे, टाकू नये

नाव: यल्लाप्पा आकाराम लादे. वय: अंदाजे पन्नास. राहणार: कराड. उंची: पाच फूट चार इंच. बांधा: किरकोळ. वर्ण: सावळा. पेहराव: लाल कोट, त्यास पिवळी झालर, खाली साधी विजार. धंदा: वाजंत्री. शिक्षण: निरक्षर. ओळखीची खूण: वरच्या ओठाच्या मधोमध गोल जुना वण, बहुधा मारामारीतला. वर्तणूक: उर्मट. हकीकत: सदर इसम पाचशे रुपये दराची बनावट नोट एका प्रतिष्ठित बागायतदाराच्या गळ्यात मारण्याच्या इराद्याने त्यांचे राहते घरी आला असता मिळून आला.

हे वर्णन १९९८ च्या मे महिन्यातलं, कराड तालुक्यातल्या एका पोलीस दूरक्षेत्राच्या नोंदवहीतलं. त्यातली उंची बरोबर आहे.

ओठावरचा वण ट्रंपेटचा. तीस वर्षं रोज पितळेचं तोंड ओठावर दाबलं की तिथं घट्टा पडतो. मारामारी यल्लाप्पानं कधी केली नाही. त्याला वेळच नसायचा, कारण मारामाऱ्या बहुतेक लग्नसराईतच होतात आणि तेव्हा तो वाजवत असायचा.

त्याचा बाप आकाराम गावकीचं काम करायचा. दवंडीचं डफडं त्याच्या गळ्यात, आणि मोबदला गावाच्या मर्जीचा. ओवाळून टाकलेला नारळ, ओवाळून टाकलेला भात, ओवाळून टाकलेला पैसा, म्हणजे जे ज्याचं त्याला घरात नको, ते आकारामच्या वाट्याचं. देणाऱ्यानं ते परत घ्यायचं नसतं, कारण त्याच्याबरोबर पीडा गेलेली असते. ती कुठं गेली हा प्रश्न गावाला कधी पडला नाही. छप्पन साली आकारामनं दीक्षा घेतली, घरी आला आणि डफडं आढ्याला टांगलं. गावानं बोलावणं धाडलं तेव्हा तो म्हणाला, डफडं हाय, घेऊन जावा, वाजवणारा गेला. यल्लाप्पा त्या वेळी दहा वर्षांचा होता आणि शेजारी उभा होता.

पुढं पलटणीच्या बँडातून पेन्शनीवर आलेल्या चुलत्यानं त्याला ट्रंपेट शिकवला. ट्रंपेट वाजवणं हे कुणाच्या वाट्याचं काम, हे ठरवायला गावाला सवड मिळाली नव्हती, कारण गावानं ट्रंपेट पाहिलाच नव्हता. त्या सवडीचा फायदा घेऊन यल्लाप्पानं कराडात 'नवप्रकाश ब्रास बँड' काढला. चौदा माणसं, दोन गाड्या भाड्याच्या. आणि छापील पत्रक. पत्रकात दर होते, गाण्यांचे प्रकार होते आणि तळाला जाड अक्षरात एक टीप होती: बक्षीस हातात द्यावे, टाकू नये.

नवरदेवावरून नोट ओवाळायची आणि वाजवणाऱ्यांपुढं भिरकावायची, ही आपल्याकडची रीत. यल्लाप्पाचं म्हणणं साधं होतं. ओवाळा खुशाल, तो तुमचा प्रश्न. पण आमच्याकडं ते बक्षीस म्हणून येणार, आणि बक्षीस माणूस माणसाच्या हातात देतो. कुणी नोट टाकलीच, तर तो ट्रंपेट खाली घ्यायचा. मागचे तेरा जण थांबायचे. भर रस्त्यात बँड एकदम गप्प झाला की घोड्यावरच्या नवरदेवाला फार उघडं उघडं वाटतं. मग टाकणारा वाकायचा, उचलायचा आणि हातात द्यायचा. याला सुरुवातीला लोक माज म्हणायचे. वाजवणं चांगलं होतं, म्हणून पुढं पुढं शिस्त म्हणायला लागले.

आता ते प्रतिष्ठित बागायतदार. नाथाजीराव. वीस एकर ऊस, कारखान्याला वाहतुकीचे तीन ट्रॅक्टर, आणि गुळाची गाडी घेऊन सांगलीच्या पेठेत जाणं-येणं. पाचशेची खोटी नोट त्यांना कुठं भेटली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण ती आधी तीन ठिकाणांहून परत आली होती हे पुढं कळलं: एकदा पेट्रोल पंपावरून, एकदा सीटमागं भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमधून, आणि एकदा दारूच्या दुकानातून, जिथला मालक स्वतः तर्र होता. इतकी वाईट नोट होती ती. नुसती फाडून टाकायला नाथाजीरावांचं मन होईना. पाचशे रुपये होते ना ते.

एप्रिलच्या शेवटी त्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. पुतण्या जयराज पलटणीत, काश्मिरात. लग्नासाठी महिन्याची रजा. बाप वारलेला, आई विजयमालाबाईंनी एकटीनं वाढवलेला, त्यामुळं सगळे मान चुलत्याचे. दुपारी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापुढं आला, तेव्हा नाथाजीरावांनी बँड थांबवायला लावला, खिशातून पाचशेची नोट काढली, चारशे माणसांना दिसेल अशी उंच धरली, जयराजच्या फेट्याभोवती तीनदा फिरवली, आणि दोन पावलं पुढं येऊन यल्लाप्पाच्या हातात दिली. पाचशे म्हणजे त्या गावात तोवर कुणी ओवाळले नव्हते. लोकांनी माना डोलावल्या. यल्लाप्पानंही नोट टोपीच्या पट्ट्यात खोवली आणि त्या खुशीत एक चाल जादा वाजवली. ती चाल फुकट गेली हे त्याला चार दिवसांनी कळलं.

चार दिवसांनी तो टोप्यांना नवे तुरे घ्यायला सांगलीला गेला. दुकानदारानं नोट उजेडात धरली, मग अंगठ्याच्या नखानं तिच्यातली चंदेरी तार हळूच खरवडली. तार नखाला आली. रंग होता तो. दुकानदार भला माणूस. त्यानं आरडाओरडा केला नाही, नोट परत दिली, तुरे परत घेतले, आणि सांगलीत ही चालणार नाही, खेड्यात बघा, असा सल्लाही दिला.

सल्ले पुढं बरेच मिळाले. ढोल वाजवणारा सिद्धू म्हणाला, एस्टीत कंडक्टरला द्यायची, पण कोरेगावच्या बाजाराच्या दिवशी, तो दारात लोंबकळत असताना. झांजवाल्यानं पेटीचा सल्ला दिला: कुठल्याही देवळाच्या पेटीत टाकायची आणि देवापुढचे सुटे उचलायचे, देव काही उजेडात धरून बघत न्हाई. आणखी एकानं दुसऱ्याच्या लग्नात आहेराच्या पाकिटात घालायची म्हणून सांगितलं, वर नाव न घालता. सगळ्यांकडं असा एकेक मार्ग तयार होता, आणि तो ऐनवेळी सुचलेला वाटत नव्हता. यल्लाप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्यानं दिली त्यालाच का देऊ नये?"

हा मार्ग कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

तो दोन लग्नांच्या मधल्या वेळेत, लाल कोटातच, नाथाजीरावांच्या घरी गेला. नाथाजीराव सोप्यात बसले होते. यल्लाप्पानं नोट पुढं धरली आणि ती खोटी असल्याचं सांगितलं. नाथाजीरावांना नवल वाटलं नाही, आणि आपल्याला नवल वाटायला हवं होतं हे त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आलं. मग त्यांनी रीत काढली.

"यल्लाप्पा, ओवाळलेली नोट हाय ती. ओवाळलेलं परत घेत न्हाईत, तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"तुमच्यात घेत न्हाईत, नाथाजीराव. आमी छप्पन सालीच सोडलंय ते. आमच्यात परत देता येतंय."

"पीडा हाय रं तिच्यात पोराची."

"असंल तर तुमच्या घरची हाय. आन् नसंल तर पाचशे रुपये द्या."

हे बोलणं सोप्यात झालं, पण आतल्या दारात विजयमालाबाई उभ्या होत्या. त्यांना यल्लाप्पाच्या पाचशे रुपयांशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा हिशेब निराळा होता. जयराज आठ दिवसांत काश्मिरात परत जाणार, आणि त्याच्यावरून जे ओवाळलं ते खोटं. मग पीडा उतरली का राहिली? त्यांनी दिराला एवढंच विचारलं की भावजी, ही नोट खरी हाय का खोटी. नाथाजीराव म्हणाले, खरीच होती, या बँडवाल्यानं बदलली आणि आता मला फशिवतोय. एवढं बोलल्यावर मागं जाता येईना. संध्याकाळच्या आत ते दूरक्षेत्रावर गेले आणि तक्रार लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी यल्लाप्पाला बोलावणं आलं. बातमी त्याच्या आधी पोचली होती. जून उजाडेपर्यंतच्या नऊ लग्नांपैकी दोघांनी सकाळीच निरोप धाडला, की आमी दुसरा बँड बघतो, गैरसमज नसावा. खोट्या नोटांचा बँड म्हणून एकदा नाव पडलं, की ते ट्रंपेटच्या आवाजापेक्षा लांब जातं. त्याच्याबरोबर तेरा घरं बसणार होती.

हवालदार मानसिंग वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. वर्णनाचे रकाने त्यानं यल्लाप्पाला न विचारताच भरले, कारण लाल कोट बघून बरंचसं कळतं असं त्याचं मत होतं. मग त्यानं सुटकेचा मार्ग सांगितला. जबाबात लिहायचं, की सदर नोट अनोळखी इसमाने दिली. अंगठा द्यायचा, नोट जमा करायची, घरी जायचं. कुणाला त्रास नाही.

अनोळखी इसम हा पोलीस खात्यातला सगळ्यांत कष्टाळू माणूस. तालुक्यातल्या निम्म्या चोऱ्या, बहुतेक सगळ्या आगी आणि झाडून साऱ्या खोट्या नोटा त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. त्यानं कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. यल्लाप्पानं मात्र त्याच्यावर आणखी बोजा टाकायला नकार दिला.

"अनोळखी माणसाकडनं आमी घेतच न्हाई, हवालदार. आमच्यात हातात घेतात. कुणाच्या हातातनं घेतली ते ठावं असतंय."

मानसिंगनं समजावलं, की नाथाजीराव वजनदार माणूस. यल्लाप्पानं खिशातून बँडचं पत्रक काढून टेबलावर ठेवलं आणि तळाच्या टिपेवर बोट ठेवलं. नोट टाकली असती तर कुणाची म्हणता आलं नसतं, चारशे माणसांत ती कुणाचीही झाली असती. पण ती दिली गेली होती. त्यानं जबाबाला अंगठा दिला नाही आणि बाहेर आवारातल्या बाकड्यावर जाऊन बसला. दहाला बसला तो दोनपर्यंत. मधे मानसिंगनं त्याला चहा पाजला आणि तो प्याला. उर्मट वर्तणुकीची नोंद चहानंतरची आहे.

दोनच्या सुमाराला आवारात जीप आली. विजयमालाबाई उतरल्या, मागून जयराज, आणि सगळ्यांत मागून नाथाजीराव, जे स्वखुशीनं आल्यासारखे दिसत नव्हते. बाईंनी मानसिंगला तक्रार वाचून दाखवायला सांगितली. मानसिंगनं वाचली. नाथाजीरावांच्या तक्रारीत, नाथाजीरावांच्या सहीनिशी, 'माझे पुतण्यावरून ओवाळलेली नोट' असे शब्द होते, आणि खाली दोन ओळींवर 'सदरची बनावट नोट' असे शब्द होते. नोट बदलल्याचा मुद्दा घाईत लिहायचा राहून गेला होता.

"म्हंजे सरकारदरबारी बी खोटीच," बाई म्हणाल्या. "भावजी, माझ्या पोरावरनं तुमी काय ओवाळलं मग?"

जयराज म्हणाला, आई, मला काही होत न्हाई, चल. बाईंनी त्याला आवारातल्या कडुनिंबाखाली उभा केला आणि दिराला सांगितलं, की खरी काढा.

नाथाजीरावांनी पाकीट काढलं. त्यातून पाचशेची नोट निघाली, ती जयराजच्या डोक्याभोवती तीनदा फिरली, आणि मग रागाच्या भरात नाथाजीरावांनी ती यल्लाप्पाच्या दिशेनं भिरकावली. ती त्याच्या चपलेपासून हातभर अंतरावर, धुळीत पडली.

यल्लाप्पा बाकड्यावरून उठला होता. तो वाकला नाही. नोटेकडं त्यानं बघितलंही नाही. तो नाथाजीरावांकडं बघत राहिला. मानसिंग दारात, जयराज झाडाखाली, जीपचा ड्रायव्हर सीटवर, सगळे गप्प. त्याच्याजवळ ट्रंपेट नव्हता, तरी बँड थांबल्यावर होतं तसंच झालं.

"भावजी," विजयमालाबाई म्हणाल्या, "पत्रिकंसंगं बँडाचं पत्रक बी आलं हुतं घरी. हातात द्या."

नाथाजीराव वाकले. गुडघ्याचा आवाज आला. त्यांनी नोट उचलली, धोतरावर झटकली आणि हातात दिली. यल्लाप्पानं ती घेऊन उन्हाकडं धरली, निवांत, दोन्ही बाजूंनी, आणि नखानं तार खरवडून बघितली. तार निघाली नाही. मग त्यानं नोट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि जयराजला रजा संपेपर्यंत सुखरूप राहा, नंतर तर राहाच, असं सांगितलं.

जीप गेल्यावर मानसिंग म्हणाला, झालं तुझं काम, आता हे मिटलं. त्यानं नोंदीखालचा जबाब पुढं सरकवला. जबाबात अजून अनोळखी इसमच होता. शेजारी शाईची गादी उघडून ठेवली होती.

यल्लाप्पानं गादी बाजूला सारली आणि मानसिंगच्या खिशातलं पेन मागून घेतलं. जबाब सावकाश वाचला. 'अनोळखी इसमाने' यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: 'नाथाजीराव यांनी, माझ्या हातात.'

नोंदवहीत शिक्षणाच्या रकान्यात अजून 'निरक्षर' आहे. त्याच पानावर खाली त्याची सही आहे.