मसीहा आला की यायचाय?

कोथरूडच्या त्या सोसायटीत दारावरची 'वाकरूळकर' ही पाटी वाचून लोक एलिझाकाकांना खुशाल कोकणातले ब्राह्मण धरून चालत. समोरच्या विमलाबाईंनी तर एकदा त्यांना सपत्नीक मेहूण म्हणून जेवायला बोलावलं होतं.

"अहो, आम्ही बेने इस्राएल. ज्यू," काका संकोचून म्हणाले.

"बरं मग? ज्यू जेवत नाहीत का?" विमलाबाईंनी विचारलं, आणि विषय संपला.

काकांची सगळी नोकरी वेधशाळेत झाली होती. हवामानाचा कालचा अंदाज काय होता आणि आज प्रत्यक्षात काय झालं, हे ताडून बघायचं, हेच त्यांचं काम. त्यामुळे 'भाकीत' या शब्दाला ते भुलतही नसत आणि हसतही नसत. ते निवृत्त झाले, मग पत्नी गेली, आणि घरात उरले ते आणि मुलगी अविवा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांची धडाक्यात भरती सुरू झाली तेव्हा अविवाही एका कंपनीत लागली.

तिथे तिच्या शेजारी बसायची सृष्टी साळवे, नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. एकदा डबा खाताना सृष्टी सहज म्हणाली, "आमचा येशू म्हणजे तुमचाच मसीहा की गं."

"आमचा अजून यायचाय," अविवा फटकन म्हणाली. आणि सृष्टीला एकदा नीट गप्प करावं म्हणून तिने तिच्याकडूनच बायबलातला नवा करार वाचायला आणला. खोडून काढायला आणलेलं ते पुस्तक तिने संपवलं, आणि पुन्हा पहिल्या पानापासून काढलं.

काही महिन्यांनी एका शनिवारी दुपारी काका संत्रं सोलत बसले होते. अविवा समोर येऊन बसली.

"बाबा, मला वाटतं तो येऊन गेला."

"कोण?"

"मसीहा."

काकांनी संत्रं खाली ठेवलं. त्यांचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले ते सगळं गमावूनच. पुढे भाषा विसरली, ग्रंथ विसरले, तेल गाळून पोट भरलं. पण शनिवार पाळायचा आणि वाट बघायची, एवढं मात्र विसरले नाहीत. आणि आता पोटची पोर म्हणत होती की वाट बघणं संपलं. पण काका ओरडले नाहीत.

"कारणं सांग," ते म्हणाले. "मात्र जुळलेलं तेवढंच उचलून आणायचं नाही. न जुळलेलंही माझ्यासमोर ठेवायचं."

तेव्हापासून शनिवारच्या दुपारी दोघं मसीहाबद्दलची जुनी भाकितं वाचू लागले. काका सिनॅगॉगमध्ये शिकलेल्या हिब्रूच्या जोरावर मूळ बघून अर्थ सांगत, अविवा मराठी वाचे. कुमारीला मुलगा होईल, असं तिने वाचलं की काका म्हणत, "मूळ शब्द नुसता तरुण मुलीचा आहे." मसीहा आला की तलवारींचे नांगर होतील, हे भाकीत निघालं तेव्हा काकांनी टेबलावरचं वर्तमानपत्र तिच्यापुढे सरकवलं. पहिल्याच पानावर कारगिलचं युद्ध होतं.

"ते अजून व्हायचंय, बाबा. तो पुन्हा येणार आहे."

"वेधशाळेत मी 'अजून व्हायचंय' म्हटलं असतं तर साहेबांनी घरी पाठवलं असतं."

ती हसली. पण पुढच्या शनिवारी तिने यशया संदेष्ट्याचा एक अध्याय काढला. दुसऱ्यांची दुखणी आपल्या अंगावर घेणारा, तुच्छ लेखलेला, तोंडातून शब्द न काढता मरणाकडे नेला गेलेला असा एक सेवक त्यात होता. वाचता वाचता ती थांबली आणि तीच ओळ पुन्हा वाचू लागली. काकांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं. दर शनिवारी सिनॅगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, संदेष्ट्यांमधला भाग वाचतात, पण त्या क्रमात हा अध्याय येत नाही. लहानपणापासून ज्या ग्रंथापुढे ते उभे राहत आले, त्याच ग्रंथात असं पान होतं, आणि त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं!

आठवडाभर ते त्याच्या मागचे-पुढचे अध्याय चाळत राहिले. मग म्हणाले, "मागे याच संदेष्ट्याने सेवक म्हणून इस्राएलचं नाव घेतलंय. ही आपल्या लोकांची कहाणी आहे. युरोपात ज्यूंचं काय झालं ते आठव."

"आणि एका माणसाची असू शकत नाही?"

काकांनी तो भाग पुन्हा एकदा वाचला. "असू शकते," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "अविवा, बुद्धीने मी इथवर आलो. मला तराजू अजून 'नाही'कडे झुकलेला दिसतो. तुला?"

"मला तराजूच दिसेनासा झालाय," ती हळू म्हणाली. "वाचताना वाटतं, मी त्याला पारखत नाहीये, तोच माझ्याकडे बघतोय."

काकांना त्यांची आई आठवली. शेवटी शेवटी तिला पोरांची नावंसुद्धा आठवत नव्हती. पण जाताना तिने डोळ्यांवर हात ठेवला आणि 'शेमा इस्राएल' ही रोजची प्रार्थना अखंड म्हटली, कुणाला तरी समोर बघून बोलावं तसं. त्याचा हिशोब काकांना कुठल्याच तर्काने लागला नव्हता. तेव्हा पोरीपुढे तर्क कुठल्या तोंडाने मांडायचा?

"तुला जे दिसलं त्याच्याशी खोटं वागू नकोस," ते म्हणाले. "मला मात्र ते दिसलं नाही. हेही खरं धर."

अविवाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी काका सिनॅगॉगमध्ये जाताना घालत तशी टोपी घालून चर्चमध्ये गेले आणि मागच्या बाकावर बसले. चर्चमध्ये पुरुष डोकं झाकत नाहीत, म्हणून कुणीतरी खुणेने टोपी काढायला सांगितलं. काका गोंधळले. तेवढ्यात सृष्टीचे वडील हिंमतराव पुढे आले. चर्चच्या मंडळीत त्यांच्या शब्दाला मान होता.

"राहू द्या, एलिझाभाऊ," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ज्याच्यासाठी आपण इथं जमलोय, तो तुमच्यातच जन्मला."

शेवटी पाळकसाहेबांनी हात वर करून आशीर्वाद दिला. देव तुला राखो, त्याच्या मुखाचा प्रकाश तुझ्यावर पडो. काका ताडकन उभे राहिले. हे शब्द त्यांचे होते! अहरोन याजकाचा हा प्राचीन आशीर्वाद दर शुक्रवारी संध्याकाळी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते हिब्रूत म्हणत आले होते. त्यांच्या वडिलांनी त्यांच्यावर म्हटला होता, आणि त्यांच्याही वडिलांनी. इथे, या परक्या छताखाली, माणसं तो मराठीत मान लववून घेत होती. काकांचा हात आपोआप उचलला गेला. ओठ हिब्रू बोलू लागले. पुढे उभ्या अविवाने वळून पाहिलं आणि भिजलेलं डोकं खाली लववलं.

सिनॅगॉगमधल्या काहींनी पुढे काकांशी बोलणं टाकलं. काका तरीही दर शनिवारी जात राहिले. त्यांचं 'नाही' तसंच होतं. पण पूर्वी त्यांना वाटायचं, या 'नाही'च्या पलीकडे काहीच नाही. आता तसं म्हणवेना.

वर्षभराने अविवाला बढती मिळाली, तेव्हा काकांनी नवस फेडायला बेने इस्राएलांच्या रीतीने घरी मलिदा केला. मोठ्या ताटात गूळखोबऱ्याचे पोहे, भोवती फळं. एलिया संदेष्ट्याच्या नावाने गाणं सुरू झालं. विमलाबाई बसल्या होत्या, साळवे बापलेक बसले होते, आणि अविवा लहानपणापासूनच्या चालीत गात होती.

"हा एलिया येऊन काय करणार?" हिंमतरावांनी काकांच्या कानाशी विचारलं.

"मसीहाच्या आधी येणार. आणि सांगणार, तो हा बघा."

"मग झालं तर. त्यालाच विचारू."

दोघेही हसले. एलिया यावा म्हणून, रीतीप्रमाणे, दार उघडं ठेवलेलं होतं. हसता हसता दोघांची नजर त्या दाराकडे गेली, आणि तिथेच थांबली.