ओट्याखालची बाळंतीण

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, पंचमीला, सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्या गावच्या दत्तमंदिरात एका कुत्रीने माझ्या उजव्या पोटरीला चावा घेतला. दोन दात खोल गेले. तेव्हा माझ्या हातात तिच्यासाठीच आणलेली भाकर होती. गाव वरवट बकाल, तालुका संग्रामपूर.

अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान मोठ्या आजारातून उठले. तेव्हापासून दर गुरुवारी तव्यावरची पहिली भाकर मी मंदिरातल्या कुत्र्यांना नेते. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, म्हणून. ही तांबडी कुत्री तीन वर्षांपासून ओळखीची होती. माझी चाहूल लागली की शेपूट हलवत पायरीपर्यंत यायची. त्या दिवशी आली नाही. ओट्याखाली जुनी पोती टाकलेली एक पोकळी आहे. तिथे पाय रोवून मी वाकले आणि तिला हाक मारली. पोत्यामागे तिची पिल्ले होती, हे मला माहीत नव्हते. ती गुरगुरली होती, हे मात्र मला आठवते. ते माझ्यासाठी असेल असे मला वाटले नाही.

मी ओट्यावर बसले. रक्त टाचेपर्यंत ओघळले होते. मनात पहिला विचार भीतीचा नव्हता, रुसव्याचा होता. अकरा वर्षे भाकर आणली आणि आज देवाच्याच दारात हे. मूर्तीकडे पाहायचेही मी टाळले.

तेवढ्यात माणसे जमली. कोणी हळद आणायला पळाले, कोणी चुना. एकाने लाल तिखट भरा म्हणून सांगितले. दोघांनी काठ्या आणल्या. "पिसायली असन बे, मारून टाका तिले!" असा आवाज आला. मी पदराने रक्त टिपत राहिले. वीस वर्षे तालुक्याच्या बातम्या लिहिताना कुत्रा चावल्याच्या कितीतरी बातम्या मी दिल्या होत्या. कुत्र्याचे पुढे काय झाले, हे त्यांपैकी एकाही बातमीत नव्हते.

थंडीच्या दिवसांत मलकापूरकडचे पिंजारी गाद्या पिंजायला आमच्या भागात फिरतात. तसा एक साठीचा माणूस, गोल टोपी, दाढीला कापूस लागलेला, मंदिरासमोर मोपेड उभी करून आत आला. त्याने हळदीचा वाडगा बाजूला सारला.

"काही भरू नका, हो. साबण कोनाजोळ हाय?"

पुजाऱ्याने कपड्याच्या साबणाची वडी दिली. त्या माणसाने मला नळाखाली पाय धरायला लावला, मनगटावरचे घड्याळ काढून ओट्यावर ठेवले आणि जखमेला स्वतः साबण लावला.

"पंधरा मिनिटं. एक बी कमी नाही. लय झोंबन, ताई. तुम्ही तुमच्या देवाचं नाव घ्या, मी घड्याळ पायतो."

मी नाव घेतले. रुसवा होता, तरी दुसरे काही तोंडात आले नाही. तो साबण लावत राहिला, आणि मान न वळवता काठीवाल्यांशी बोलत राहिला.

"तिले हात लावू नका. दहा दिवस ते जित्ती राह्यली पाह्यजे. ते मेली त या बाईचं काय, कोन सांगन?"

"चाचा, तुमाले काऊन एवढा पुळका?" एकजण म्हणाला.

"माह्या लहान भावाले चावलं होतं. लोकायनं तिखट भरलं, अन् कुत्रं मारलं." एवढे बोलून त्याने घड्याळ पाहिले. "अजून चार मिनिटं, ताई."

काठ्या खाली गेल्या. मग त्याने मला मोपेडवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखमेभोवती सुया दिल्या, दंडात लस दिली, पुढच्या तारखा कागदावर लिहिल्या. जखम लगेच धुतली हे फार चांगले झाले, आणि कुत्री दहा दिवस धडधाकट राहिली तर ती पिसाळलेली नव्हती, पण तरी डोस चुकवायचे नाहीत, असे सांगितले. मी बाहेर आले तेव्हा तो निघून गेला होता. मी त्याचे नाव विचारले नव्हते.

घरी सासूबाई वाट पाहत होत्या. वय ब्याऐंशी. त्यांचा उपाय ठरलेला होता: कुत्रे चावलेल्याने सात विहिरींत डोकावायचे. गावात उघड्या विहिरी तीनच उरल्या आहेत. मी बोअर मोजा म्हटले, तर म्हणाल्या, "बोअरमधी काय पायशीन, अंधार? अन् त्या रांडेले अजून कोनी मारलं काऊन नाही?" मी त्यांना पिल्लांचे सांगितले. गावातल्या मुलांनी नंतर पोते उचलून पाहिले होते. चार पिल्ले, अजून डोळे न उघडलेली. "चार?" सासूबाईंनी विचारले.

त्यानंतर रोज सकाळी लंगडत मंदिरात जाऊन कुत्री आहे की नाही हे पाहणे, एवढेच माझे काम झाले. लांबूनच पाहत असे. तिने पाणी प्यायले की मी घरी येत असे. मला तिची काळजी होती की माझी, हे तेव्हा वेगळे सांगता आले नसते.

सातव्या दिवशी लस घेऊन थेट मंदिरात गेले, तर पोकळी रिकामी. दत्तजयंतीसाठी ओटा धुऊन काढला होता, पोतीही नव्हती. धुणारे निघून गेले होते. मी नाल्यापर्यंत आणि उकिरड्यापर्यंत पाहून आले. कोणीतरी तिला मारले असणार, असे मनाने ठरवून टाकले. मग मंदिरात येऊन बसले आणि त्या गुरुवारनंतर प्रथमच मूर्तीकडे पाहिले. मागायला काही सुचेना. माझ्या हातात आता काही नाही, एवढेच म्हटले. ते म्हटल्यावर छातीवरचे ओझे थोडे उतरले. का, ते मला सांगता येणार नाही.

घरी आले तर गोठ्यातून शिऱ्याचा वास येत होता. गूळ-तुपाचा, बाळंतिणीला करतात तसा. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. समोर कुत्री परातीतून खात होती. कडब्यावर टोपल्यात चारही पिल्ले होती आणि टोपल्याच्या काठाला हळदीकुंकवाचे बोट लावलेले होते.

"थंडीत पानी मारून राह्यले तिच्या आंगावर," त्या म्हणाल्या. "बाळंतीन हाय ते. बाळंतिनीले कोनी असं काढते काय?"

"तुम्ही पिल्लं उचललीत? तुम्हाला चावली असती म्हणजे?"

"मी इचारून उचलले. 'नेऊ काय माय तुये लेकरं?' म्हनलं. पायलं तिनं. मंग टोपल्यामांगं मुकाट आली. तू इचारलं होतं काय?"

मी विचारले नव्हते. अकरा वर्षे देत होते, ते आपल्या वेळेला, आपल्या सोयीने. घेणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय चालले आहे, हे पाहायची गरज मला वाटली नव्हती. त्या पिंजाऱ्याला कोणी पाठवले, हे मी आजही ठरवू शकत नाही. मलकापूरला दोनदा चौकशी केली, तो सापडला नाही. त्याच्यासाठी गुरुवारी एक नमस्कार जास्तीचा करते. सासूबाईंसाठी रोजच करावा लागतो. त्यांच्या सात विहिरींपैकी चार अजून बाकी आहेत आणि त्या मला विसरू देत नाहीत.

दहाव्या दिवशी पौर्णिमा होती, दत्तजयंती. सकाळी पहिली भाकर सासूबाईंनी माझ्या हातात दिली आणि स्वतः गोठ्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. मी तीन हात लांब बसले आणि कुत्रीला विचारले, "येऊ का?" ती गुरगुरली. मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती उठली, पिल्लांना ओलांडून आली आणि तिने भाकर माझ्या हातातून घेतली. सव्वासात वाजून गेले होते. चार पिल्लांपैकी दोघांचे डोळे उघडले होते.