देवरावभाऊंनी परत केलेला पैसा

देवरावभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात मार्चएंडची बिलं हातावेगळी करत होतो. त्यांच्या मुलीचा फोन होता. "काका, बाबा गेले..." फोन ठेवला, समोर पुढचं बिल आलं, त्यावर मी सहीसुद्धा केली. दीड महिना झाला, त्या सहीची लाज अजून जात नाही.

देवरावभाऊ उमरेडच्या विणकर घरातले. मागावर तुटलेला धागा फेकायचा नाही, गाठ मारून चालवायचा, अशा घरात वाढलेले. बांधकाम खात्यात आम्ही दोघेही उपअभियंते, ते माझ्याहून दहा वर्षांनी वडील. दरवर्षी वरून दोन कागद हमखास यायचे. दिवाळीच्या सुमारास पहिला: विकास करा, पण काटकसरीनं. फेब्रुवारीत दुसरा: मिळालेली रक्कम मार्चअखेर खर्ची पडलीच पाहिजे. आम्ही सगळे शहाणे दुसरा कागद पाळायचो. पहिला फक्त देवरावभाऊंनी खरा मानला.

सावनेरपलीकडच्या एका नाल्यावर त्यांनी पूल बांधला. दगड लांबून आणायचा ठरला होता. यांनी तालुक्यातच खाण शोधली, महिनोन्महिने उन्हात उभे राहिले, आणि पूल होऊन चक्क पैसे उरले. पुलावर चढायचे दोन्ही टोकांचे मातीचे भराव तेवढे बाकी होते, पण त्यांची मंजुरी वेगळी, पुढच्या वर्षाची. उरलेले पैसे ते परत करताहेत हे ऐकून मी त्यांच्या टेबलापाशी धावलो.

"देवरावभाऊ, नका करू परत. पुढच्या साली कोनी देनार नाही."

"काहून नाही देनार? उरलं ते सरकारचं गा. दुसऱ्या कामाले लागन."

पुढच्या वर्षी भरावांची रक्कम कापली गेली. शेरा आला, या उपविभागाची गरज कमी दिसते. झालं! पूल नाल्यावर अधांतरी, दोन्ही टोकं पुरुषभर उंच. गावकरी शिडी लावून वर चढत ते मिरच्या वाळत घालायला, आणि पावसाळ्यात त्याच पुलाखालून कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे जात. एका म्हातारीनं माझ्यासमोर देवरावभाऊंना विचारलं, "पूल त मस्त बांधला बाप्पा, पन चढाचं कसं?" निवृत्तीपर्यंत दरवर्षी ते भरावांसाठी अर्ज करत राहिले. उत्तर एकच, निधी नाही. शोकसभेत साहेबांनी त्यांना काटकसरीचा आदर्श म्हटलं. मला संताप आला... साहेबांचा थोडा, स्वतःचा जास्त.

कारण देवरावभाऊंनी परत केलेली रक्कम सरकारी तिजोरीत पोचलीच नाही. आठ दिवसांत संपवायची म्हणून ती माझ्याकडे वळवली गेली. मी विश्रामगृहाची धडधाकट शहाबादी फरशी फोडली आणि तिथे मोझॅक घातलं. एकतीस मार्चला काम पूर्ण. शाबासकी मिळाली, पुढे बढतीही. देवरावभाऊंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकदा दौऱ्यात आम्ही तिथं उतरलो, तर चपला काढून ते खोलीभर अनवाणी फिरले. "थंडगार हाय गा! चांगलं काम केलं तू." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी विचारलं, "चहा सांगू का?"

गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच खोलीत मुक्काम आला. फरशीला अजून एक तडा नाही. चौकीदारानं कौतुकानं ओलं फडकं फिरवलं आणि तो बाजूला सरला. उकाड्याचं निमित्त सांगून मी खाट बाहेर व्हरांड्यात टाकायला लावली.