पंचामृत प्यायलेली तलवार

पंचवटीतल्या आमच्या कॉलनीच्या नवरात्र मंडळाचे अध्यक्ष एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि अकलेशी त्यांचा उभा दावा होता. माईक हातात आला की सोडायचा नाही आणि ज्यातलं कळत नाही त्यावर आधी बोलायचं, एवढ्या भांडवलावर त्यांनी वर्षानुवर्षं मंडळ चालवलं. आणि कॉलनी त्यांना वाकून नमस्कार करायची. त्यात माझे बाबा सगळ्यांच्या पुढे.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. सिन्नरहून एक स्थळ सांगून आलं होतं आणि दिवाळीनंतर माझं कॉलेज बंद करायचं, असं बाबांनी जवळजवळ ठरवलंच होतं. वायरी जोडत बसणं हे त्यांच्या लेखी शिक्षण नव्हतं, ते रेडिओ दुरुस्तीवाल्याचं काम होतं. अशात मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी फर्मान काढलं की यंदाच्या नाटकात महिषासुराला मारताना देवीची तलवार लखलखली पाहिजे. मी म्हटलं, मी करून देते. सगळे हसले. बाबाही हसले आणि त्या हसण्याच्या भरात चारचौघांत बोलून बसले, "पेटव तर खरी! पेटली तर तुझं कॉलेज पुरं करू, जा."

माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

मूठ म्हणून मी घरातली जुनी पत्र्याची बॅटरी घेतली. पात्याला बोर्ड रंगवणाऱ्याकडून दुधी प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्या आणि त्यांच्या आत बॅटरीचे बारीक बल्ब ओळीनं बसवले. सर्किट अगदी साधं. दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टन्स. एक ट्रान्झिस्टर चालू झाला की दुसरा बंद, कपॅसिटर भरला की उलटं. सी-सॉवर बसलेल्या दोन पोरींसारखं, एक वर तर एक खाली. एकाआड एक बल्ब असे दोन्ही बाजूंना वाटून दिले की पात्यातून वीज सळसळल्यासारखी दिसते. पहिल्यांदा स्विच सरकवला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच होते, आणि एकटीच मोठ्यानं हसले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

नाटक खंडेनवमीच्या संध्याकाळी. त्या दिवशी सकाळी मंडपात हत्यारांची पूजा असते. कुणी पाने-पक्कड आणतं, कुणी शिलाई मशीन, कुणी कोयता. हळदकुंकू, झेंडूचं फूल, झालं. पण माझ्या तलवारीला तेवढं पुरेना. अध्यक्ष म्हणाले, "हे देवीचं शस्त्र आहे. याला यथासांग स्नान घालायचं." मी म्हटलं, "काका, आत सर्किट आहे, पाणी लागलं तर बिघडेल." त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, "तीर्थानं काही बिघडत नसतं."

पूजेला यजमान म्हणून बसले होते बाबा. त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं. तरी त्यांनी तलवार ताम्हनात आडवी धरली आणि पळीपळीनं दूध, दही, तूप, मध, साखर घातली. वर शुद्धोदक. पुसताना तर अध्यक्षांनी ती उलटी धरली, म्हणजे पात्यावर राहिलेलं तेवढंही मुठीत उतरलं. पूजा झाल्यावर तलवार कुलपात ठेवली. शुचिर्भूत वस्तू, मुलींनी हाताळायची नाही.

संध्याकाळी अध्यक्षांच्या सूनबाई देवी झाल्या होत्या. त्यांनी तलवार उगारली, स्विच सरकवला, आणि काहीही झालं नाही. महिषासुर हात पसरून उजेडाची वाट बघत उभा. शेवटी बिचारा कंटाळून आपला आपण मेला. पहिल्या रांगेतून बाबांचा आवाज आला, "मी म्हटलंच होतं." ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

सूनबाई विंगेत आल्या आणि त्यांनी तलवार माझ्या हातात कोंबली. मी मूठ उघडली. आत श्रीखंड. सेल काढले, ओढणीनं सगळं पुसलं, स्विचच्या पत्तीवरचा मध सेफ्टी पिननं खरवडला, सेल परत घातले. सूनबाई पुन्हा स्टेजवर गेल्या आणि मेलेल्या महिषासुरावर तलवार लखलखायला लागली. मंडप उभा राहिला. "उदे गं अंबे उदे!" अध्यक्षांनी माईक धरला, "आईनं कौल दिला! स्नान पावलं!" बायका पदर पसरून तलवारीच्या पाया पडल्या.

घरी जाताना बाबा वेगळेच दिसत होते. रस्त्यात थांबून म्हणाले, "सिन्नरवाल्यांना नाही म्हणून कळवतो. तू शीक. देवीचीच इच्छा दिसते."

मला हवं ते मिळालं होतं. गप्प बसायला हवं होतं, बसले नाही. "बाबा, स्विचवर मध होता. तो पुसला म्हणून पेटली."

"तेच ते," बाबा म्हणाले. "पण पुसायची बुद्धी कुणी दिली?"

"कॉलेजनं."

त्यांनी दोन्ही हात जोडून मंडपाच्या दिशेनं नमस्कार केला आणि मलाही करायला सांगितला. मी केला. दिवाळीनंतर मला कॉलेजात जायचं होतं.