माझ्या पायाखालचा ब्रेक

मॅडम माझ्या गाडीत बसल्या तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

शहरातल्या जरीपटका भागात माझं बायकांसाठीचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक छोटी खोली, एक टेबल आणि एक गाडी. शिकवायच्या गाडीला क्लच आणि ब्रेक दोन्हीकडे असतात. शिकणारीकडून काही चुकलं की बाजूला बसलेली मी पाय देऊन गाडी थांबवू शकते. मॅडमनी फॉर्म भरला तेव्हाच मी अक्षर ओळखलं होतं. मग नाव वाचलं. घरच्या माणसाचा नंबर लिहायच्या रकान्यात त्यांनी पुण्यातल्या मुलाचा नंबर टाकला होता. वय जास्त आहे, जमेल ना, असं त्यांनी विचारलं. जमेल, मी म्हटलं. उद्या सकाळी सातला या.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मुलींचं कॉलेज. आमच्या घरी आजोबांपर्यंत हातमाग होता. बाबांनी तो विकला आणि कळमन्याच्या मार्केटमध्ये अडत्याकडे वजनकाट्यावर उभे राहिले. संत्र्याच्या दिवसांत त्यांच्या कपड्यांना आंबट वास यायचा. मी घरातली शिकणारी पहिली मुलगी.

कॉलेजात मुलींसाठी कौशल्य विकासाचे वर्ग चालायचे. पार्लर, मेंदी, केक, टॅली. त्या वर्षी पहिल्यांदा कार चालवणं आलं. दहाच जागा, फी नाही, फक्त पालकांची सही हवी. बाबा सही करणार नाहीत हे मला माहीत होतं. मी विचारलंच नाही. त्यांची सही मी रेशनच्या कागदांवर हजारदा पाहिली होती, ती मीच करून टाकली.

शिकवायला एक काका यायचे. कमी बोलायचे, चुकलं तर फक्त हातानं दाखवायचे, परत कर. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, तुझा पाय चांगला आहे. आमच्या घरी कोणी माझ्या पायाचं कौतुक केलं नव्हतं. लायसन्स पक्कं झालं की माझ्याकडे ये, बायांना शिकवायला बाई पाहिजे, असंही म्हणाले. त्या दिवशी मी बसमध्ये न बसता घरापर्यंत चालत गेले.

त्याच महिन्यात खापा गावचं स्थळ आलं. बघायला आले, पसंती झाली, परीक्षेनंतरची तारीख काढू असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

लायब्ररीच्या जिन्याखाली 'विद्यार्थिनी सहाय्य कक्ष' होता. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवायचे. आत दोन खुर्च्या, एक पंखा, आणि भिंतीवर हातानं लिहून लावलेलं, इथे सांगितलेलं इथेच राहील. त्या कक्षाच्या प्रमुख या मॅडम, आणि अक्षरही त्यांचंच. वर्षाच्या सुरुवातीला त्या सगळ्या वर्गांतून फिरून सांगून गेल्या होत्या की मनात काही ठेवू नका, या, बोला. मी तीन वेळा त्या दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्यांदा आत गेले.

मी म्हणाले, "मॅडम, मले लग्न नाही करायचं."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मले नाही, मला. आधी नीट बोलायला शीक, मग सांग."

मी 'मला' म्हणून पुन्हा सांगितलं. सगळंच सांगितलं. खाप्याचं स्थळ, काकांनी कबूल केलेली नोकरी, आणि बाबांची सही मी केली तेही. ते सांगायची गरज नव्हती. पण भिंतीवरचं वाचून मला वाटलं की इथे अर्धवट सांगणं म्हणजे फसवणं. मॅडम मान हलवत ऐकत होत्या. मध्येच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, काळजी करू नकोस, मी बघते.

दोन तासांनी बाबा कॉलेजात आले. मळलेल्या शर्टात, काट्यावरून तसेच उठून. मला वर्गातून बोलावून घेतलं. मॅडमनी त्यांना पाणी दिलं होतं. त्या म्हणत होत्या की तुमच्या मुलीच्या काळजीपोटीच फोन केला, उद्या काही भलतंसलतं झालं तर जबाबदारी आमच्यावर येते. बाबांनी हात जोडले. "लय उपकार झाले तुमचे," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "माही सही काहून केली वं?" मारलं असतं तर बरं झालं असतं. ते ओट्यावर जाऊन बसले, आणि आईनं माझं लर्निंग लायसन्स दप्तरातून काढून चुलीत घातलं. परीक्षेला मला पाठवलं नाही. तारीख अलीकडे आणली आणि मी खाप्याला गेले.

तिथल्या चार वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. नवरा मारत नव्हता, बोलतही नव्हता. सासू दाराची कडी स्वतः लावायची. मुलगी झाल्यावर तिला घेऊन मी माहेरी आले ती परत गेले नाही. तोवर बाबा वारले होते. बाबांवर माझा राग नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. बाबा जसे होते तसेच वागले, त्यांनी मला कशाचंच वचन दिलं नव्हतं. वचन दिलं होतं ते भिंतीवर लिहून ठेवणाऱ्यांनी.

काकांकडे मी पुन्हा पहिल्यापासून शिकले, त्यांच्या गाडीवर बायांना शिकवू लागले, आणि ते थकले तेव्हा गाडी मी घेतली. धंद्यात मी पुस्तकातलं मराठी बोलते. गिऱ्हाइकाला ते आवडतं. मॅडमनाही आवडलं. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, तुम्ही किती छान, स्वच्छ बोलता.

पहिले आठ दिवस मी त्यांना मैदानातून बाहेर काढलं नाही. क्लच अर्धा सोडा, थांबा, परत. त्यांचे गुडघे दुखायचे हे दिसत होतं. थोडं थांबूया का, असं त्या विचारायच्या. अजून एकदा, मी म्हणायचे. बाकी बायांना मी चौथ्या दिवशी रस्त्यावर नेते. मॅडम कधी तक्रार करत नव्हत्या, आणि त्याचाही मला राग यायचा.

खरं म्हणजे त्या चांगल्या शिकत होत्या. घाबरायच्या, पण सांगितलेलं विसरायच्या नाहीत. नवव्या दिवशी मला त्यांना रस्त्यावर आणावंच लागलं.

गाडीत बाया बोलतात. समोर बघायचं असतं, बाजूच्या माणसाचं तोंड दिसत नाही, म्हणून बहुतेक बोलणं सोपं जातं. मॅडमही बोलू लागल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान, साहेब, गेले. त्यांची गाडी घरी कापडाखाली उभी आहे. मुलगा म्हणतो, इथलं घर विका, गाडी विका, पुण्याला चला. तिथे चौदाव्या मजल्यावर त्यांच्यासाठी एक खोली काढून ठेवली आहे. त्यांना जायचं नाही. म्हणून त्यांनी मुलाला गाडी विकली असं खोटंच सांगून ठेवलं होतं. दिवाळीत तो येईल तेव्हा स्टेशनवर त्याला घ्यायला स्वतः गाडी घेऊन जायचं, म्हणजे त्याला कळेल की आई एकटी राहू शकते.

"तुम्हालाच सांगतेय हो," त्या म्हणाल्या. "अजून कोणाला ठाऊक नाही."

मी म्हटलं, डावीकडचा आरसा बघा.

त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. मला देवानं काही आणून दिलंय असं वाटत होतं. चार दिवस मी ते मनात घोळवत राहिले आणि पाचव्या दिवशी सकाळी त्यांना म्हटलं, आज कळमन्याच्या बाजूनं जाऊ.

संत्र्याचा हंगाम होता. मार्केटच्या फाटकापासून ट्रक लागलेले, मध्ये हातगाड्या, हमाल, टेम्पो. त्या रस्त्यानं मी माझ्या चांगल्या शिकलेल्या बायांनाही नेत नाही. फाटकासमोर मॅडमकडून गाडी बंद पडली. त्यांनी चालू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्न सुरू झाले. एक ट्रकवाला खाली उतरून काचेवर थापा मारू लागला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. माझ्या पायाखाली क्लच होता, ब्रेक होता. मी पाय मागे घेतले आणि हाताची घडी घातली.

"मॅडम, तुम्ही मले ओळखलं नाही," मी म्हणाले.

त्या दचकल्या. मी त्यांना फाटकाच्या आतली शेड दाखवली. "तिथं माहे बाबा काट्यावर उभे राहात. तिथंच तुम्ही फोन केला होता." मग मी वर्ष सांगितलं, जिन्याखालची खोली सांगितली, सही सांगितली, खापा सांगितलं. हॉर्न चालूच होते. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. तो पडला नाही. त्या खरोखर आठवायचा प्रयत्न करत होत्या.

"मला आठवत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "इतक्या मुली यायच्या. पण मी फोन केला असेल तर तुझ्या भल्यासाठीच केला असेल. आईवडिलांना अंधारात ठेवून काही करणं मला तेव्हाही पटत नव्हतं."

"आणि पोराले अंधारात ठेवणं?"

त्यांनी चावीला हात घातला, फिरवली नाही.

"फॉर्मवर नंबर आहे त्याचा," मी म्हणाले.

त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. नको, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. मी उतरले, त्यांना दुसऱ्या बाजूला बसवलं आणि गाडी बाहेर काढून त्यांच्या घराशी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, ऑफिसात बसून, मी मुलाला फोन केला. खूप शुद्ध बोलले. म्हणाले की तुमच्या आईंच्या काळजीपोटी सांगते आहे. वय आहे, गुडघे दुखतात, काल भर रस्त्यात गाडी बंद पडली, उद्या काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते. कसली गाडी, असं त्यानं दोनदा विचारलं. शेवटी म्हणाला, तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. त्यानं माझे आभार मानले. मी फोन ठेवला. मी चहा मागवला आणि सावकाश प्यायले.

मॅडम आणखी पंधरा दिवसांत टेस्ट पास झाल्या असत्या. हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं. ते माहीत असूनच मी फोन केला.

मुलगा त्या आठवड्यातच आला. साहेबांची गाडी कोणीतरी विकत नेली. हे मला त्यांच्या शेजारच्या बाईकडून कळलं, तीही माझ्याकडे शिकत होती. मी आईला सगळं सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "लायसन्स तर म्या जाळलं होतं वं. माह्यावर काहून नाही काढला राग?" मी तिच्या शेजारी बसून भाजी निवडू लागले.

पुण्याला जायच्या आधी मॅडम एकदा आल्या. मुलगा बाहेर रिक्षात बसून होता. त्यांनी आपला फॉर्म परत मागितला. मी काढून दिला. तो घडी करून पर्समध्ये ठेवताना त्या म्हणाल्या, "आठवलं मला. तू स्वतःहून सांगितलं नसतंस तर ती सही तू केलीस हे मला कळलंच नसतं."

"हो," मी म्हणाले.

त्या माफी मागतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांना वाटलं असणार मीही काही म्हणेन. मग त्या पायऱ्या उतरून गेल्या, एकेक पायरी, कठड्याला धरून. मी मदतीला उठले नाही.

पुढच्या वर्षी त्याच कॉलेजातून फोन आला. कौशल्य विकासात कारचा वर्ग पुन्हा सुरू करायचा आहे, माजी विद्यार्थिनी म्हणून तुम्हीच शिकवा, अशी नव्या मॅडमची इच्छा होती. मी परीक्षाच दिलेली नाही, हे मी त्यांना सांगितलं. चालेल म्हणाल्या. आता आठवड्यातून तीन दिवस मी तिथे जाते. मुली चांगल्या आहेत. उमरेडची एक आहे, तिचा पाय फार हलका आहे.

पहिल्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या मी प्रत्येकीला एक गोष्ट सांगून ठेवते. गाडीबद्दल काय ते विचारा, हजारदा विचारा. घरचं मात्र मला सांगू नका. मुलींना वाटतं, मी कडक आहे. उमरेडची परवा तरी बोलायला लागलीच, मॅडम, आमच्या घरी ना, असं म्हणाली. मी तिला मध्येच थांबवलं आणि म्हटलं, गिअर बदल, पुढे चढ आहे.