माल माझा, गोदाम माझं, पाच लाख कसले?

साल २०२४, पौष संपत आलेला. संत्र्याला आंबिया बहार फुटायचे दिवस. अमरावतीत दर बुधवारी आम्ही दहा-बारा कंपवातवाले व्यायामाला जमतो. व्यायाम पंधरा मिनिटं, गप्पा दोन तास. किस्से साठणारच!

* * *

आमच्यात चहा अर्धाच कप द्यायचा नियम आहे. नव्या चहावाल्यानं कप काठोकाठ भरले. मोर्शीचे देवराव त्याला म्हणाले, "बाप्पू, अर्धा तं शर्टालेच पाजतो मी. त्याचे पैसे शर्टाजवळून घेजो!"

* * *

एका बुधवारी टायवाले साहेब आले. अकोल्याच्या कुठल्याशा क्लिनिकचे. कमरेच्या हाडातून तुमच्याच पेशी काढायच्या, साफ करायच्या, तुमच्याच अंगात सोडायच्या. मग त्या मेंदूत जाऊन दुरुस्ती करतात म्हणे. खर्च पाच लाख.

देवरावांनी प्रश्न विचारायला हात वर केला. तो हलत होता. साहेबांनी उलट हात हलवून टाटा केला!

"टाटा नाई हो. माल माहा, गोदाम माहं, मंग पाच लाख कायचे?"

"प्रोसेसिंगचे, काका."

"म्हंजे दळणाचे! आमच्या गावात दळण लय सस्तं हाय."

* * *

मग त्यांनी व्हिडिओ लावला. आधी एक माणूस लटलट कापतोय. उपचारानंतर तोच ताठ चालतोय.

देवरावांच्या शांताबाई मागून बोलल्या, "आमचे हे तं रोजच असे बरे होतेत. आठची गोळी घेतली का नवाले!"

* * *

मी चाळीस वर्षं संत्र्याची कलमं बांधली. शाळा चौथीपर्यंत, पण झाडाचं मला विचारावं. मी उठलो.

"रोगट झाडाच्याच फांदीचा डोळा काढून त्याच झाडाले बांधला, तं झाड सुधरते का?"

"काका, माणूस म्हणजे झाड नव्हे."

"खरं हाय. झाड व्हिडिओ पायत नाई."

* * *

सरकारी दवाखान्यातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "यावर अजून अभ्यास चालू आहे. खऱ्या अभ्यासात पेशंटकडून पैसे घेत नाहीत."

देवराव म्हणाले, "म्हंजे यायनं पास होयाच्या आधीच फी लावली!"

* * *

हे सगळं ऐकून आमच्यातले एकटे साहेबराव हसले नाहीत. साहेबराव शिंपी. वर्षभरापासून सुईत दोरा ओवता येत नव्हता. दुकान विकून पाच लाख उभे करायचं त्यांनी ठरवलं. क्लिनिकात सही करायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचा सौदा. मी सोबत अकोल्याला गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

काउंटरवरच्या ताईंनी फॉर्म पुढं केला. इंग्रजीत होता. साहेबरावांनी पेन काढला.

मी म्हटलं, "ताई, आमाले वाचून दाखवा. मराठीत."

"सगळे तसेच सही करतात, काका."

"आमी सगळे नाई."

ताईंनी वाचलं. हा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. फायदा होईल याची हमी नाही. रक्कम परत मिळणार नाही.

साहेबरावांनी विचारलं, "त्या टायवाल्यानं हे काहून नाई सांगतलं?"

"ते मार्केटिंगचे आहेत, काका."

साहेबरावांनी पेनाला टोपण लावायचा चार वेळा प्रयत्न केला. पाचव्यांदा लागलं. "दुकान राहू दे," म्हणाले आणि उठले.

दारात त्यांचा पाय जमिनीला चिकटला. आमच्या रोगात असं होतं. उंबरठा आला की पाय उचलत नाही. पुढं आडवं काही टाकलं, तर मात्र ओलांडता येतं. मागं चार माणसं खोळंबली. एक जण म्हणाला, "चला न बाबा!"

मी काउंटरवरचा तो फॉर्म उचलला आणि त्यांच्या पायापुढं आडवा टाकला.

"ओलांड."

त्यांनी ओलांडला.

आदल्या दिवाळीत बँकेच्या दारात माझा पाय असाच अडला होता. तेव्हा साहेबरावांनी गळ्यातली मापाची टेप काढून माझ्यापुढं टाकली होती. फिटलं.